जुन्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं आणि मॅन्युअल गिअरबॉक्स कसे ओळखावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः १९४६ ते १९८० या काळातल्या गाड्यांसाठी आहेत. डावी आणि उजवी बाजू सगळीकडे गाडीत बसून पुढे तोंड केल्यावरची धरली आहे. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे ‘ड्रायव्हरची बाजू’ असं लिहिलं की आपल्याकडे हमखास घोळ होतो.

१. बॉनेटखाली नेमकं कोणतं इंजिन आहे हे शोधायला सुरुवात कुठून करू?

मडगार्डवरचा बिल्ला, एअर क्लीनरवरचं स्टिकर आणि इंजिनाचा रंग, या तिन्हींकडे आधी दुर्लक्ष करा. तिन्ही विकत मिळतात आणि तिन्ही एका दुपारी बदलता येतात. आधी बाह्य आकारावरून इंजिनाचं घराणं ठरवा (प्रश्न ४). मग ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक वाचा, त्यानंतर ओतकामाची तारीख, मग ठोकलेला कोड, आणि शेवटी हे सगळं चासी नंबरशी ताडून बघा. एकट्या खुणेवरून इंजिनाचं नाव घेऊ नका. निदान तीन खुणा एकमेकींना दुजोरा देत असतील तरच निष्कर्ष टिकतो.

२. ब्लॉकवर तीन-चार वेगवेगळे क्रमांक आहेत. त्यातला खरा कोणता?

सगळे खरे आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं. उठावदार अंक साच्यातूनच आलेले असतात. तो ओतीव क्रमांक, आणि त्यावरून ब्लॉकचा प्रकार कळतो. त्याच्या आसपासचे दोन-चार उठावदार अक्षर-अंक म्हणजे ओतकामाची तारीख. खोल गेलेले अंक मात्र कारखान्यात पंचने ठोकलेले असतात. त्यात इंजिन कधी जुळवलं, ते किती ताकदीचं आणि कोणत्या गिअरबॉक्ससाठी, ही माहिती असते. १९६८ पासून चासी नंबरचा एक भागही ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवर ठोकलेला सापडतो. हा शेवटचा अंकगटच इंजिनाला एका विशिष्ट गाडीशी बांधतो.

३. ग्रीस आणि गंजाखाली अंक दिसतच नाहीत. कसे साफ करू?

डिग्रीझर किंवा रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, मग पितळी ब्रशने घासा. उठावदार अंकांवर खडू आडवा फिरवला की ते उठून दिसतात. ठोकलेल्या अंकांवर टॉर्च एका बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा आणि मोबाइलने फोटो काढा. हात पोचत नसेल तिथे छोटा आरसा वापरा, पण आरशातल्या फोटोत अंक उलटे येतात हे लक्षात ठेवा.

ठोकलेल्या अंकांच्या जागेवर पॉलिश पेपर, स्टीलचा ब्रश किंवा ग्राइंडर कधीही लावू नका. तिथल्या बारीक यंत्ररेषा हाच अस्सलपणाचा पुरावा असतो (प्रश्न १६) आणि एकदा घासल्या की त्या परत आणता येत नाहीत.

४. क्रमांक न वाचता, नुसतं बघून कंपनी ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. व्ही-८ इंजिनात (चार-चार सिलिंडरच्या दोन तिरक्या ओळी) आधी डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगना आळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग, पुढे आहे की मागे, ते बघा.

फोर्डमध्ये तो पुढे असतो. महत्त्वाचा अपवाद १९५४ ते १९६४ मधल्या वाय-ब्लॉकचा (२३९ ते ३१२ घनइंच; इंजिनांच्या नावांतले आकडे म्हणजे हेच आकारमान), त्यात तो मागे असतो. शेवरले, पाँटिॲक आणि ओल्ड्समोबिलमध्ये मागे. ब्यूकच्या १९५३ ते १९६६ मधल्या ‘नेलहेड’मध्ये मागे, पण ३५०, ४३० आणि ४५५ मध्ये पुढे. कॅडिलॅकमध्ये १९६३ पासून पुढे. क्रायस्लरच्या लहान एलए इंजिनात (२७३, ३१८, ३४०, ३६०) मागे, मोठ्या बी आणि आरबी इंजिनांत (३६१, ३८३, ४००, ४१३, ४४०) पुढे, उजवीकडे झुकलेला. एएमसीच्या (अमेरिकन मोटर्स) १९६६ नंतरच्या व्ही-८ मध्ये पुढे.

त्यानंतर टॅपेट कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) बोल्ट मोजा. शेवरले स्मॉल ब्लॉकला प्रत्येक कव्हरला चार, बिग ब्लॉकला सात. १९५५ ते १९५९ च्या स्मॉल ब्लॉकमध्ये वरचे आणि खालचे बोल्ट समोरासमोर नसून सरकलेले असतात, आणि १९६० पासून समोरासमोर येतात. हेडचं वय सांगणारी ही छान खूण आहे. फोर्डमध्ये एफई घराण्याला पाच, विंडसरला सहा, ४२९ आणि ४६० ला सात, क्लीव्हलंडला आठ. एफईची आणखी एक पक्की खूण म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोलचं मिश्रण हेडमध्ये नेणारा भाग) इतका रुंद असतो की टॅपेट कव्हरची एक कड त्याच्यावरच बसते.

कव्हरच्या मधोमध स्पार्क प्लग गेलेले दिसले तर ते बहुधा क्रायस्लरचं हेमी. त्यात १९५१ ते १९५८ च्या पिढीत डिस्ट्रिब्यूटर मागे, ४२६ मध्ये पुढे. १९६४ नंतरच्या ओल्ड्समध्ये इंजिनाच्या पुढच्या बाजूला तेल ओतायची उभी नळी असते, ती लांबूनही दिसते.

५. गाडी जनरल मोटर्सची आणि इंजिन ३५०, म्हणजे शेवरलेचंच ना?

नाही. या एका गैरसमजापायी लोक चुकीचे गॅस्केट सेट आणि चुकीचे गिअरबॉक्स विकत घेतात. जनरल मोटर्सच्या वेगवेगळ्या ब्रँडची ३५० घनइंचाची चार पूर्णपणे वेगळी इंजिनं होती. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) इंचांत असे: शेवरले ४.०० × ३.४८, पाँटिॲक ३.८७५ × ३.७५, ओल्ड्समोबिल ४.०५७ × ३.३८५, ब्यूक ३.८० × ३.८५. यांचे ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड एकमेकांना लागत नाहीत. शेवरलेची बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या पेटीची) बोल्टरचनाही वेगळी आहे, तर १९६४ नंतरचे ब्यूक (नेलहेड सोडून), ओल्ड्स आणि पाँटिॲक व्ही-८ एक रचना वापरतात.

गाडीच्या नावावरूनही इंजिन ठरत नाही. १९७७ च्या काही ओल्ड्समोबिल डेल्टा ८८ गाड्यांत शेवरलेचं ३५० बसवलं होतं, आणि त्यावरून ग्राहकांनी कंपनीला कोर्टात खेचलं होतं.

६. शेवरले स्मॉल ब्लॉकवरचे अंक कुठे असतात आणि कसे वाचायचे?

ओतीव क्रमांक डाव्या हेडच्या मागे, बेल हाउसिंगच्या कडेवर असतो. तारीख बहुतेकदा त्याच कडेवर उजवीकडे. ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. ‘ए २८ ९’ म्हणजे २८ जानेवारी १९६९, किंवा १९७९. दशक ओतीव क्रमांकावरून ठरवायचं.

ठोकलेला कोड उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकची जी सपाट पट्टी बाहेर येते तिच्यावर असतो, आणि आल्टरनेटरचा ब्रॅकेट अनेकदा तो झाकतो. ‘व्ही०२१४डीझेड’ मध्ये व्ही म्हणजे फ्लिंट कारखाना (टी असेल तर टोनावांडा), मग १४ फेब्रुवारी, मग डीझेड म्हणजे १९६९ च्या कमारो झी/२८ चं ३०२. या कोडमध्ये वर्ष नसतं आणि तीच अक्षरं पुढे दुसऱ्या इंजिनांना पुन्हा दिलेली आहेत, म्हणून ओतकामाची तारीख न बघता कोडचा अर्थ लावू नका.

७. माझ्या ब्लॉकवर ३९७००१० आहे. हे ३५० आहे ना?

बहुधा हो, पण हा क्रमांक तेवढ्याने ते सिद्ध करत नाही. याच ओतकामातून ३०२, ३२७ आणि ३५० अशी तिन्ही इंजिनं निघाली, कारण तिघांचं बोअर ४ इंच आहे. फरक स्ट्रोकचा: ३.००, ३.२५ आणि ३.४८ इंच. दोन बोल्टचे आणि चार बोल्टचे मेन कॅपही (क्रँकला खालून धरणाऱ्या टोप्या) याच क्रमांकात येतात, तेव्हा ‘०१० म्हणजे चार बोल्ट’ हे विक्रेत्याचं म्हणणं मान्य करू नका.

ठोकलेला कोड शाबूत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर स्ट्रोक मोजावा लागेल. स्पार्क प्लगच्या भोकातून काडी घालून मोजणं या इंजिनात चालत नाही, कारण भोक सिलिंडरला तिरकं आहे आणि माप चुकतं. हेड उघडलेलं असेल तर पिस्टन सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर नेऊन व्हर्नियरने अंतर मोजा. नाहीतर खालचं तेलाचं चेंबर उतरवून क्रँकवरचा ओतीव क्रमांक वाचा, ३९३२४४२ हा ३.४८ स्ट्रोकचा क्रँक आहे.

घनइंच काढायचं सूत्र: बोअर × बोअर × स्ट्रोक × ०.७८५४ × सिलिंडर. ४ × ४ × ३.४८ × ०.७८५४ × ८ = ३४९.८. ब्लॉक रिबोअर झाला असेल तर बोअर ०.०३० किंवा ०.०४० इंचाने मोठं निघेल, तेवढं वजा धरा.

८. इंजिन बदलल्यापासून गाडी सगळ्या वेगांना थरथरते. ओळखण्यात चूक झाली असेल का?

शक्यता मोठी आहे. शेवरलेचं ४०० स्मॉल ब्लॉक बाहेरून ३५० सारखंच दिसतं, पण त्याचं संतुलन बाह्य आहे, म्हणजे पुढचा बॅलन्सर आणि मागचं फ्लायव्हील यांच्यावर मुद्दाम जादा वजन दिलेलं असतं. १९८५ पर्यंतच्या ३५० ला हे लागत नाही. एकाचे भाग दुसऱ्याला लावले तर कंप येतो आणि मेन बेअरिंग लवकर जातात. ४०० ओळखण्यासाठी ब्लॉकच्या बाजूला बघा: ३५० ला प्रत्येक बाजूला दोन वेल्च प्लग (ब्लॉकमधली पाण्याची भोकं बंद करणाऱ्या गोल चकत्या) असतात, ४०० ला तिसऱ्या प्लगचीही जागा असते. क्रायस्लरमध्ये हीच गोष्ट ३१८ आणि ३६० बाबत होते, ३६० बाह्य संतुलनाचं आहे.

९. फोर्डच्या ब्लॉकवर ठळक ‘३५२’ आहे, पण विकणारा ३९० म्हणतो. फसवतोय का?

तेवढ्यावरून नाही म्हणता येत. एफई घराण्यातल्या असंख्य ब्लॉकवर पुढच्या बाजूला ३५२ असंच ओतलेलं आहे, मग आत ३६० असो, ३९० असो की ४२८. तो आकडा सोडून द्या.

एफईमध्ये प्लगच्या भोकातून स्ट्रोकचा बराच चांगला अंदाज येतो. सगळे प्लग काढा, बॅटरीची अर्थ वायर सोडवा, पहिल्या सिलिंडरमध्ये लाकडी किंवा प्लॅस्टिकची लांब काडी घाला आणि क्रँक पान्ह्याने हळूहळू फिरवत काडी किती वरखाली होते ते मोजा. स्टार्टर मारू नका, काडी मोडून आत राहील. सुमारे ३.५० इंच आलं तर ३५२ किंवा ३६०, ३.७८ आलं तर ३९०, ३.९८ आलं तर ४१० किंवा ४२८. खऱ्या ४२७ च्या ब्लॉकला खालच्या भागात बाजूने आडवे बोल्ट दिसतात, ते मधल्या तीन मेन कॅपना धरतात.

१०. फोर्डचे सी८ओई सारखे क्रमांक कसे वाचायचे?

पहिलं अक्षर दशक: बी पन्नाशीचं, सी साठीचं, डी सत्तरीचं. पुढचा अंक वर्ष, म्हणजे सी८ = १९६८. तिसरं अक्षर मूळ कोणत्या गाडीसाठी आराखडा झाला ते सांगतं: ए मोठ्या गाड्या, ओ फेअरलेन वर्ग, झेड मस्टँग, टी ट्रक. चौथं ई म्हणजे इंजिन विभाग. त्यापुढे ६०१५ असेल तर तो भाग ब्लॉक. हे आराखड्याचं वर्ष आहे, ओतकामाचं नव्हे. सी८ चा ब्लॉक १९७० च्या गाडीत अस्सल असू शकतो.

ओतकामाची तारीख वेगळी: वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. ८सी१५ म्हणजे १५ मार्च १९६८. इथे फोर्ड ‘आय’ हे अक्षर वगळतं, म्हणून जे म्हणजे सप्टेंबर आणि एम म्हणजे डिसेंबर. शेवरलेमध्ये जे म्हणजे ऑक्टोबर. दोन कंपन्यांचे तक्ते एकमेकांत मिसळले की महिनाभराची चूक होते. २८९ आणि ३०२ मध्ये हे अंक उजवीकडे स्टार्टरच्या मागे दडलेले असतात, तो उतरवल्याशिवाय नीट दिसत नाहीत.

११. ३५१ विंडसर आणि ३५१ क्लीव्हलंड यांतला फरक पटकन कसा सांगू?

रेडिएटरचा वरचा होज बघा. विंडसरमध्ये तो इनटेक मॅनिफोल्डमधून पुढे निघतो, क्लीव्हलंडमध्ये थर्मोस्टॅट ब्लॉकमध्येच असल्याने होज ब्लॉकच्या माथ्यावरून वर येतो. बोल्टची संख्या प्रश्न ४ मध्ये दिली आहे. ३५१एम आणि ४०० ही क्लीव्हलंडसारखीच दिसतात, पण त्यांचा ब्लॉक उंच असतो आणि बेल हाउसिंगची रचना ४२९ आणि ४६० ची असते, म्हणून क्लीव्हलंडचा गिअरबॉक्स त्यांना लागत नाही.

१२. चासी नंबरवरून मूळ इंजिन कळतं का?

फोर्डमध्ये कळतं. साठीच्या मस्टँगमध्ये पाचवं अक्षर इंजिनाचं: सी म्हणजे २८९ दोन बॅरल (कार्ब्युरेटरची तोंडं), ए चार बॅरल, के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं खास २८९, आर म्हणजे रॅम एअर असलेलं ४२८ कोब्रा जेट. क्रायस्लरमध्ये १९६६ पासून पाचवं अक्षर: १९७० साली एच ३४०, एन ३८३, यू ४४०, व्ही तीन कार्ब्युरेटरचं ४४०, आर ४२६ हेमी. जनरल मोटर्समध्ये मात्र १९७२ पूर्वी शेवरलेसारख्या गाडीत सहा सिलिंडर की व्ही-८, एवढंच समजतं. म्हणून १९६९ चा कमारो झी/२८ नुसत्या चासी नंबरवरून सिद्ध होत नाही. १९८१ पासून सगळ्यांचा नंबर १७ अक्षरी झाला आणि त्यात आठवं अक्षर इंजिनाचं.

१३. चार गिअरचा बॉक्स आहे. गाडीखाली झोपून तो कोणता ते कसं ओळखू?

कव्हर कुठे आहे, त्याला बोल्ट किती आणि रिव्हर्सचा लिव्हर कुठून निघतो, या तीन गोष्टी बघा.

मुन्सी (जनरल मोटर्स, १९६३ ते १९७४): ॲल्युमिनियमची पेटी, डाव्या बाजूच्या कव्हरला सात बोल्ट, कव्हरवर दोन लिव्हर आणि रिव्हर्सचा तिसरा लिव्हर मागच्या टेल हाउसिंगवर. बोर्ग-वॉर्नर टी-१०: रिव्हर्स तसाच मागे, पण कव्हरला नऊ बोल्ट. सॅगिनॉ: बिडाची पेटी, सात बोल्ट, तिन्ही लिव्हर कव्हरवरच. तीन गिअरचा सॅगिनॉ तसाच दिसतो, फक्त लिव्हर दोन. फोर्ड टॉपलोडर: बिडाचा, बाजूला कव्हरच नाही, वर दहा बोल्टचं झाकण. तीन गिअरच्या भावंडाला वर नऊ बोल्ट. क्रायस्लर ए-८३३: बाजूला कव्हर, पण रिव्हर्सचा लिव्हर कव्हरमध्ये नसून पेटीच्या अंगातून निघतो.

एक अपवाद: १९६४-६५ च्या सहा सिलिंडर मस्टँगमध्ये चार गिअर असतील तर तो टॉपलोडर नसून इंग्लंडहून आलेला डॅगनहॅम असू शकतो.

१४. मुन्सी एम२०, एम२१ आणि एम२२ बाहेरून सारखेच दिसतात. फरक कसा करायचा?

पेटीच्या उजव्या बाजूला, मागच्या जोडाजवळ ‘पी’ने सुरू होणारा कोड असतो. १९६७ पासून तो वर्ष, महिना, दिवस असा आहे आणि १९६९ पासून शेवटी ए, बी किंवा सी येतं: ए एम२०, बी एम२१, सी एम२२. पी९डी१२बी म्हणजे १२ एप्रिल १९६९, एम२१. महिन्यांची अक्षरं इथे सरळ क्रमाने नाहीत. ए ते ई जानेवारी ते मे, त्यानंतर जूनपासून एच, के, एम, पी, आर, एस, टी.

कोड गेला असेल तर इनपुट शाफ्टवरच्या खाचा बघा. १९६६ पासून एम२० ला दोन, एम२१ ला एक, एम२२ ला एकही नाही. १९६३-६५ च्या एम२० लाही खाच नसते, म्हणून नुसती कोरी शाफ्ट बघून एम२२ चे पैसे मोजू नका. शाफ्ट पुढे कोणी बदललेली असू शकते, तेव्हा आतले दात बघावेच. एम२२ च्या दातांचा तिरकेपणा कमी असतो आणि चालताना त्याचा आवाज स्पष्ट येतो.

१५. कोड नाही, टॅग नाही, गिअरबॉक्स उघडायचाही नाही. गुणोत्तर कसं मोजू?

सपाट जागेवर मागची दोन्ही चाकं उचलून गाडी जॅक स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा. बॅटरी सोडवा, प्लग काढा. बॅलन्सरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. पहिला गिअर टाका आणि प्रोपेलर शाफ्टचे बरोबर दहा फेरे होईपर्यंत क्रँकचे फेरे मोजा. दहाने भागलं की गुणोत्तर. चाकावरून मोजू नका, मध्ये डिफरन्शियल येतं.

मुन्सीत २.२० आलं तर क्लोज रेशो (गिअरांमधलं अंतर कमी, वाइडमध्ये जास्त), २.५२ आलं तर १९६६ नंतरचा एम२०, २.५६ आलं तर त्याआधीचा. टॉपलोडरमध्ये २.३२ क्लोज, २.७८ वाइड. हे आकडे महत्त्वाचे आहेत: २.२० चा बॉक्स ३.०८ च्या डिफरन्शियलबरोबर जोडला तर एकूण गुणोत्तर ६.७८ होतं आणि प्रत्येक चढावर क्लच घासून सुटावं लागतं. तोच बॉक्स ३.७३ बरोबर ८.२ देतो आणि छान चालतो.

१६. ‘मॅचिंग नंबर’ म्हणून जादा किंमत सांगतात. पडताळणी कशी करायची?

‘मॅचिंग नंबर’ म्हणजे कारखान्यातून आलेलं मूळ इंजिन अजून त्याच गाडीत असणं. आधी तारखांचा क्रम. ओतकाम आधी, इंजिन जुळवणी नंतर, गाडीची जुळवणी शेवटी. ब्लॉकची तारीख गाडीच्या तारखेनंतरची असेल तर तो ब्लॉक नक्की बदललेला आहे. मग १९६८ नंतरच्या गाडीत ठोकलेला अंश चासी नंबरशी ताडा: शेवरलेवर ‘१९एन’ आणि पुढे सहा अंक म्हणजे शेवरले, १९६९, नॉरवुड कारखाना.

मग ती पट्टी भिंगाने बघा. कारखान्याच्या यंत्राने उमटलेल्या बारीक रेषा पुढून मागे समांतर जातात. ब्लॉकचा माथा वर्कशॉपमध्ये घासला असेल तर रेषा गोलाकार किंवा नाहीशा झालेल्या असतात. मग त्यावरचे ताजे अंक नंतर ठोकलेले आहेत. शेवरलेवर ‘सीई’ने सुरू होणारा कोड असेल तर तो कंपनीनेच बदली म्हणून दिलेला ब्लॉक, अस्सल पण मूळ नव्हे.

१७. १९७७-७९ च्या ट्रान्स ॲमवर ‘६.६’ आहे. त्याचं इंजिन पाँटिॲकचंच असतं का?

बॉनेटवरच्या स्कूपवर ‘टी/ए ६.६’ असेल तर ते पाँटिॲकचं ताकदवान ४००. ‘६.६ लिटर’ असेल तर साधं पाँटिॲक ४०० किंवा ओल्ड्सचं ४०३. स्टिकर बदलता येतं, म्हणून पुढची तेलाची नळी बघा (प्रश्न ४). ४०३ कंपनीतून फक्त ऑटोमॅटिकबरोबर मिळायचं. त्यामुळे ४०३ आणि चार गिअर एकत्र दिसले तर काहीतरी नक्की बदललेलं आहे.

१८. गिअरमध्ये उभी केलेली जुनी प्लिमथ पुढे घरंगळली. गिअरबॉक्स खराब आहे का?

आधी तो ओव्हरड्राइव्हचा आहे का बघा. बॉक्सच्या मागच्या भागावर डब्यासारखा सोलेनॉइड, जवळ गव्हर्नर आणि डॅशबोर्डखाली ओढायची मूठ, हे बोर्ग-वॉर्नर ओव्हरड्राइव्हचे भाग (गुणोत्तर ०.७०). मूठ आत असताना फ्रीव्हील चालू असतं आणि गाडी पुढे मोकळी पळते. इंजिनाचा ब्रेक मिळत नाही, ढकलून स्टार्टही होत नाही. घाट उतरताना मूठ ओढून ओव्हरड्राइव्ह बंद करा. उभी करताना रिव्हर्स टाका आणि हँडब्रेक लावाच.

१९. मुंबईत जुळवलेल्या डॉज, प्लिमथ, डिसोटोचं सहा सिलिंडर इंजिन कसं ओळखायचं?

प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून मुंबईत या गाड्या जुळवल्या. इंजिन फ्लॅटहेड असतं: हेड सपाट, त्यात व्हॉल्व्ह नाहीत, प्लग वरून एका ओळीत. क्रमांक डाव्या बाजूला पुढच्या कोपऱ्यात, जनरेटरच्या वर सपाट जागेवर ठोकलेला असतो. पी१५ म्हणजे १९४६-४८ ची प्लिमथ, डी२४ त्याच काळातली डॉज, एस११ डिसोटो, सी३८ क्रायस्लर. टी असेल तर ट्रकचं इंजिन.

हेडची लांबी मोजायला विसरू नका. अमेरिकन प्लिमथ आणि डॉजचं हेड सुमारे २३ इंच, डिसोटो, क्रायस्लर आणि कॅनडात बनलेल्या प्लिमथ-डॉजचं २५ इंच. हेड गॅस्केट एकमेकांना लागत नाही, आणि सुटे भाग बाहेरून मागवताना सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. निर्यातीच्या डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट मुळात प्लिमथच होत्या, म्हणून बिल्ल्यावरून अमेरिकन तक्ता लावू नका.

२०. आरसी बुकात सीसी आहे, तक्त्यात घनइंच. आणि इंजिन बदललेलं निघालं तर?

घनइंचाला १६.३८७ ने गुणा. २१७.८ चे ३,५६९ सीसी, २३०.२ चे ३,७७२, २८३ चे ४,६३८, ३५० चे ५,७३५. आरसीवर याच्या निम्म्याहून कमी आकडा असेल तर गाडीत कधीतरी डिझेल इंजिन बसवलं गेलं होतं का, ते तपासा. आपल्याकडे पेट्रोलचा खर्च टाळायला हे पुष्कळ झालं आहे.

बदललेल्या इंजिनाची नोंद आरटीओत असायलाच हवी. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी इंजिनाचा क्रमांक आरसीशी अंकन् अंक जुळवून घ्या आणि त्या जागेचा फोटो, साफ करण्याआधीचा आणि नंतरचा, फाइलला लावून ठेवा.